मधल्या हॉलातली टकटक

विजू, सांगायला जिवावर येतंय, पण तुझं भूत झालंय.

रागाव, पण माझ्यावर नको. तू गेलीस तेव्हा झाडांवर बारक्या कैऱ्या होत्या. आत्ता कुठे आंब्याच्या पेट्या भरायला लागल्यात, आणि तेवढ्यात मुलींच्या हॉस्टेलपासून कॅन्टीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की क्रीडा संकुलाच्या मधल्या हॉलात विजया मॅडम अजून कॅरम खेळतात. भर दुपारी. पांढरी साडी नेसून, केस मोकळे सोडून.

पांढरी साडी म्हणे. तुला साडीत मी बघितलं ते माझ्या पुतण्याच्या लग्नात, आणि तेव्हाही निऱ्या सावरत दिवसभर माझ्या नावाने खडे फोडत होतीस. एरवी कॉटनचा ड्रेस, पायात खेळाचे बूट, ओढणी दाराच्या कडीला. आणि मोकळे सोडायला केस होते किती तुझे? पण भुतांचा गणवेश ठरलेला असतो. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलंस, पोरांना म्हणायचीस, आधी बघा, मग बोला. त्याच पोरांनी न बघता तुला साडी नेसवली.

कॅन्टीनमध्ये एक मुलगी हे दुसरीला सांगत होती तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होते. चहा तसाच टाकून उठले. विचारलं, "तू पाहिलंस?" ती म्हणाली, "नाही मॅडम, ऐकलं. आतून टकटक येते. दोनदा. मग थांबते. मग परत दोनदा." मी तिला झापणार होते. पण हे ऐकलं आणि झापायचं राहूनच गेलं. प्रत्येक फटक्याआधी तू स्ट्रायकर कॅरमच्या चौकटीवर दोनदा आपटायचीस. टक टक. मग नेम. समोर बसून ते ऐकताना मला वैताग यायचा, आणि मला वैताग येतो म्हणून तू जास्त आपटायचीस. ती मुलगी पहिल्या वर्षाची, तू आजारी पडून घरी बसल्यावर इथे आलेली. तुझी ही सवय तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मधला हॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर त्यात काहीच नाही. एका बाजूला बॅडमिंटनचं कोर्ट, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळा, आणि मध्ये ही लांबट खोली, बांधणाऱ्यांनी उरली म्हणून सोडलेली. वर पत्रा, खाली फरशी, दोन कॅरम, टेबल टेनिसचं एक टेबल, स्प्रिंगा वर आलेला सोफा. विद्यापीठाच्या या उपकेंद्रात ज्यांना काही खेळता येत नाही त्यांनीही यावं अशी तेवढी एकच जागा. ज्याला घरी जायची घाई नाही तो तिथे. आपण दोघी तर घाई नसणाऱ्यांच्या पुढारी. मी क्रीडाशिक्षिका म्हणून किल्ली माझ्याकडे, आणि तुझ्याकडे काहीच नसून हुकूम तुझा. आल्याबरोबर ते निळे पडदे सरकवायचे, खिडक्या उघडायच्या, सगळे दिवे लावायचे. "समोरचा कुठे बघतोय ते मला दिसलं पाहिजे," म्हणायचीस. सड्यावरचा, उघड्या कातळावरचा वारा सरळ आत यायचा आणि बोर्डावरची पावडर माझ्या चष्म्यावर.

मेसमधल्या बायका आधी दारातच उभ्या राहायच्या, आठवतं? हात पदराला पुसत, दोन मिनिटं बघायच्या आणि जायच्या. तू एकदा खेळ थांबवलास. म्हणालीस, "दारात काय उभ्या? आत या की." त्या म्हणाल्या, नको मॅडम, आमचं काय काम. तू उठलीस, शेवंताबाईंचा हात धरलास आणि त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलंस. त्या बाईने पहिल्याच फटक्यात राणी घेतली आणि तुझं तोंड बघण्यासारखं झालं. तेव्हापासून तीननंतर त्यांचाही डाव लागायचा. काही शिक्षकांच्या पोटात दुखलं, तक्रारी गेल्या. तू म्हणालीस, ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी उरलेलं सगळं विद्यापीठ मोकळं आहे.

आणि टाळी. तिच्यावरून आपण किती भांडलो गो.

बंद जागेत शिरताना आधी टाळी वाजवायची, हे मला आमच्या आईने शिकवलेलं. वेळणेश्वरजवळ आमचं घर, माडांच्या वाडीत. गोठा असो, माळा असो, दार उघडायचं, टाळी वाजवायची, 'येतंय हां' म्हणायचं आणि मग पाय टाकायचा. प्रत्येक जागेला जागेवाला असतो, राखणदार असतो, त्याला न सांगता आत जाऊ नये. हॉल उघडताना मी तेच करायची. तू पहिल्यांदा ऐकलंस आणि हसून पायरीवर बसलीस.

"टाळी कशासाठी ते मी सांगते," म्हणालीस. "साप असला तर सरकावा म्हणून. तुझ्या आजीच्या आजीला अक्कल होती. तुम्ही मागाहून त्यात देव घातलात."

"मग 'येतंय हां' कशाला? सापाला कान असतात?"

"सापाला नसतात. तुला तोंड आहे म्हणून."

असं तुझं. एका वाक्यात माणसाला गप्प करायचं आणि वर पर्समधून खोबऱ्याची वडी काढून हातावर ठेवायची. मी टाळी सोडली नाही, तू टोमणा सोडला नाहीस.

एकदाच तू त्यावर न हसता बोललीस. खेडजवळच्या तुमच्या गावाची गोष्ट. वडील प्राथमिक शिक्षक, घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. गावात एक पार होता आणि तुम्हा पोरांना सांगायचे, त्या पाराकडे जाऊ नका, तिथे आहे कोणीतरी, धरतं. तुझ्या बाबांनी तुला हाताला धरून तिथेच नेलं, पारावर बसवलं आणि डबा उघडून जेवायला लावलं. "मला काहीच झालं नाही, सुलू. फक्त लोक बघत होते," तू म्हणालीस. मग जरा थांबून, "तुझा जागेवाला तुला राखतो. आम्हाला तो हाकलायचा." त्यानंतर टाळी मी हळू वाजवायला लागले.

आमचे हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ते इथेच आहेत, सगळं बघतायत. मला बरं वाटायचं. तू मात्र रोज संध्याकाळी येऊन चहा करायचीस, माझी भांडी घासायचीस, आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, "कुठे असतील गो ते आता?" तू कपबशा विसळत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "कुठेच नाहीत, सुलू."

त्या शब्दाचा राग अजून गेलेला नाही माझा, हे तुला ठाऊक असू दे. इतकी माणसं खोटं बोलून गेली, तुला एक खोटं बोलता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आलीस, काही झालंच नाही अशी. मला दंडाला धरून हॉलात नेलंस आणि कॅरमसमोर बसवलंस. मी रडत रडत खेळत होते आणि तू सोंगट्यांमागून सोंगट्या घेत होतीस. कीव म्हणून एक डाव हरली नाहीस. दोन-तीन आठवड्यांनी मी तुला हरवलं तेव्हा जेवण गेलं मला, नीट, भूक लागून. बाकीच्यांनी मला धीर दिला, आणि तू मला चिडायला शिकवलंस परत. त्या चिडण्यावर मी उभी राहिले. हे तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस.

मग तुझीच पाळी आली. हॉस्पिटलात शेवटी शेवटी बोलतानाही धाप लागायची. मी उशाशी होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "एक सांगते. मी गेल्यावर मला कुठे ठेवू नका. फोटोला हार नको, नारळ नको, मॅडम आपल्यातच आहेत असलं भाषण नको. संपले की संपले. कबूल?"

मी मान हलवली.

"तोंडाने बोल."

"कबूल," म्हटलं.

मला वाटलं झोप लागली. आणि एकदम विचारलंस, "हॉल उघडताना टाळी वाजवतेस ना अजून?"

"हो."

"बरं," म्हणालीस. एवढंच.

त्या 'बरं'चा अर्थ मला लागत नाही, विजू. टोमणा नव्हता त्यात. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं, मला बाहेर काढलं. नंतर तू बोलण्याच्या अवस्थेत राहिली नाहीस.

तू गेल्यावर शोक म्हणून हॉल बंद ठेवला. मीच खिडक्या लावून पडदे ओढले, दिवे मालवले, कुलूप घातलं. खेडला तुझ्या भावाने तुमच्या बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, तिथे जाऊन आले. परतल्यावर कुलूप काढायला हात होईना. उद्या काढू, परवा काढू. आणि मग टकटकीची बोंब उठली. बॅडमिंटन कोर्ट आणि हॉल यांच्यामधली भिंत वर पत्र्यापर्यंत जात नाही, वरच्या फटीतून शटल पलीकडे पडतं. पूर्वी पोरं धावत येऊन घेऊन जायची. आता शटल पलीकडे गेलं की खेळ थांबायचा, सगळे एकमेकांकडे बघायचे आणि नवीन शटल काढायचे. मला किल्ली मागायला कोणी आलं नाही.

संचालक साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तसाही वापर नाही. उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवीच आहे. सुट्टी लागायच्या आत कपाटं लावून टाकू." म्हणजे मधल्या हॉलाचं गोदाम. शेवंताबाईंनी पुन्हा मेसच्या मागच्या पायरीवर बसायचं. आणि परशुराम मामा, आपल्याला चहा आणून देणारे संकुलाचे शिपाई, त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही तर जाणत्या. जागेवाल्याला नारळ द्या, गाऱ्हाणं घाला. बाईंचा जीव अडकलाय तो सुटंल. पोरं येतील परत."

लबाडी नव्हती त्यात. बोलताना मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि नारळ दिला असता तर पोरं खरंच परत आली असती, हे मला दिसत होतं. आपल्या माणसांना त्याने धीर येतो. हॉल वाचला असता. फक्त तू भूत झालीस यावर माझ्या हाताने शिक्का बसला असता. दरवर्षी नव्या मुलींना सांगितलं असतं, इथे एक मॅडम होत्या, त्यांना नारळ देऊन बसवलंय, त्या कोपऱ्यात जाऊ नका. लहानपणी तुला ज्या पाराची भीती घातली, तसलाच पार तुझ्या नावाचा. नारळ द्यावा तर तुला दिलेला शब्द जातो, न द्यावा तर तुझा हॉल जातो. आणि सल्ला विचारायचा तर तो मी तुलाच विचारायची.

म्हणून एका दुपारी एकटीच गेले. ऊन एवढं की बाहेरच्या कातळाकडे बघवत नव्हतं. कुलूप काढलं, टाळी वाजवली, "येतंय हां" म्हटलं. आत निळसर काळोख, पडद्यांतून गाळून येईल तेवढाच उजेड. त्या काळोखात फरशीवर जागोजागी पांढरं काहीतरी पडलेलं. वाकून बघितलं तर शटलं. एवढ्या दिवसांत वरून पडलेली, कोणी न उचललेली. तुझी खुर्ची मात्र थोडी मागे सरकलेली होती, कोणी आत्ता उठून गेल्यासारखी. बंद करताना मी ती आत सरकवली होती की नव्हती, हे काही केल्या आठवेना.

मी माझ्या जागेवर बसले. दिवा लावायचा धीर झाला नाही. पत्रा तापून मधूनच कुरकुरत होता, तो आवाज ओळखीचा. मग तोही थांबला.

टक टक.

तुझ्या खुर्चीकडून. अगदी स्वच्छ. मग शांतता, नेम धरायला लागते तेवढी. पुन्हा टक टक.

मी त्या खुर्चीकडे बघत होते, खुर्ची रिकामी होती, आणि आवाज तिथूनच येत होता. "विजू?" म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. थोडा वेळ काही नाही. मग टक टक.

मी पळाले नाही, त्यात शौर्य नव्हतं. पाय उचलत नव्हते. पण खरं सांगू? भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते ओळखून मी जास्त हादरले. मला आनंद झाला होता. कुठेच नाहीत म्हणालीस ना, मग आता बोल. आता सांग मला, माझे हे कुठे आहेत ते.

घरी आले तर घास उतरेना. तू खरंच तिथे असशील तर तुला नारळ देऊन घालवू कशी, आणि तू नसशील तर तुझ्या नावाने हे काय चाललंय? शेवटी तुझंच म्हणणं मनावर घेतलं, आधी बघा, मग बोला. ऋताला गाठलं. तुझी एमएस्सीची विद्यार्थिनी, तुझ्या तासाला सगळ्यात जास्त भांडणारी. म्हटलं, येतेस का हॉलात? ती म्हणाली, "मॅडम, मला भीती वाटते." मी म्हटलं, "मलाही. चल."

"आधी आवाज कुठून येतो ते ठरवू," ऋता आत शिरताच म्हणाली. सूर थेट तुझा. दिवे लावू नका, पडदे हलवू नका, काल होतं तसंच सगळं ठेवा, म्हणाली. आम्ही हॉलाच्या दोन टोकांना डोळे मिटून उभ्या राहिलो. आवाज आला की त्या दिशेला बोट करायचं. बराच वेळ नुसता माझा श्वास मला ऐकू येत होता. टक टक. बोट केलं, डोळे उघडले. दोघींची बोटं एकाच जागेकडे होती, तुझ्या खुर्चीमागच्या पडद्याकडे.

पडद्यावर उजेड होता, आणि त्या उजेडात खालच्या बाजूला काहीतरी हललं. बारकंसं. ऋताने माझा हात धरला. मी पडदा ओढला.

काचेपलीकडे खिडकीच्या कठड्यावर एक दयाळ पक्षी. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, रागाने फुगलेला. आम्हाला बघितलं आणि उडाला. आम्ही पडदा पुन्हा होता तसा केला, बाहेरून वळसा घालून गेलो आणि मेंदीच्या कुंपणाआड बसून राहिलो. तो परत आला. काचेत त्याला दुसरा दयाळ दिसला, त्याच्या हद्दीत घुसलेला. त्याने चोच मारली. टक टक. मान वाकडी करून बघितलं, तर तो अजून तिथेच. टक टक.

ऋता मला समजावायला लागली आणि मध्येच तिचा आवाज फुटला. आत काळोख आणि बाहेर उजेड असला की काच आरसा होते, हे तूच तिला शिकवलेलं. तू होतीस तोवर पडदे उघडे, खिडक्या उघड्या, दिवे चालू. पाखराला आतली माणसं दिसायची, स्वतःचं तोंड नाही. आम्ही तुझ्या दुःखात काळोख केला आणि काचेत त्याचा वैरी उभा राहिला. टकटक येते म्हणून हॉल बंद, आणि हॉल बंद म्हणून टकटक. एवढे शिकलेले आम्ही सगळे, आणि कुलूप काढून पडदा बाजूला करायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कॅन्टीनमधल्या मुलीपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना मी थोडेथोडे करून मेंदीआड नेऊन बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. साहेबसुद्धा पँट वर ओढून उकिडवे बसले. दयाळाने कोणाला निराश केलं नाही. मग आत जाऊन पडदेच काढून टाकले, दिवे लावले, शटलं गोळा केली. आवाज बंद. तिथे उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं, विजया मॅडम इथे नाहीत. त्या कुठेच नाहीत. त्यांनी शिकवलेलं तेवढं आहे, ते वापरा. मला वाटलं होतं जीभ अडखळेल. नाही अडखळली.

साहेबांनी कपाटं दुसरीकडे नेली. पोरं आली, शेवंताबाई आल्या, तिसऱ्या दिवशी सोफ्यावरून भांडणंही सुरू झाली. मामा तेवढे चहा ठेवता ठेवता म्हणाले, "दयाळ होता ते खरं, मॅडम. पण एवढ्या खिडक्या हायत. तो त्याच खिडकीवर का?" ऋता म्हणाली, घरटं तिकडे जवळ असेल. असेल. मी मामांना दटावलं.

सगळं मनासारखं झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मी घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तू गेलीस तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा तू गेली होतीस नुसती. आता मी तुला पुराव्यानिशी घालवलं होतं, चार माणसांसमोर, आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली होती.

काल दुपारी पोरं पेपरला बसली होती. हॉलात मी एकटी. दिवे लागलेले, पडदे तर आता नाहीतच, तुझ्यामागच्या खिडकीची काच मी वाऱ्यासाठी सरकवून ठेवते. काल पहिल्यांदाच तुझ्या खुर्चीत बसले, खिडकीकडे पाठ करून. सोंगट्या लावल्या, पावडर टाकली, स्ट्रायकर हातात घेतला आणि कुठून फोडावं ते बघत होते.

मागून आली. टक टक.

हॉलभर उजेड होता. काच उघडी होती. मानेला वारा लागत होता. मला उत्तरं सगळी सुचली: दुसऱ्या तावदानावर बसला असेल, कठड्यावर चोच घासत असेल, खोड लागली असेल त्याला. मान वळवली असती तर कळलं असतं. तू असतीस तर म्हणालीच असतीस, ऊठ सुलू, आधी बघ.

लोकांना सांगायचं ते मी सांगितलंय, विजू. विचारेल त्याला यापुढेही तेच सांगेन, तू नाहीस म्हणून. तुझा शब्द मोडणार नाही. पण तो शब्द लोकांसाठी होता. आपल्या दोघींचं भांडण अजून मिटलेलं नाही.

नेम धरायला लागतो तेवढा वेळ गेला आणि ती पुन्हा आली. मी वळून बघितलं नाही. बघणारही नाही.